दातांची कल्हई : कोळशाने उजळते की उडते?

रमजान ईद झाली की आपल्याकडे लग्नांचा हंगाम सुरू होतो. घरोघरी याद्या लिहिल्या जातात. जोडे, दागिने, मेहंदी, उबटन, केसांचे तेल. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी वस्तू शिरली आहे, ती म्हणजे काळ्या पावडरीची डबी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘ॲक्टिव्हेटेड चारकोल’ लिहिलेले असते आणि खाली थोड्या दिवसांत मोत्यासारखे दात करून देण्याचे वचन असते. कुणाला ती मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसते, कुणाचा भाऊ दुबईहून येताना बॅगेत घेऊन येतो. ज्यांना विकत घ्यायची नाही, त्या खिमा-बिर्याणीला धुंगार द्यायला ठेवलेला कोळसाच खलबत्त्यात कुटून घेतात.

यात हसण्यासारखे काही नाही. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी “बाकी सगळं छान आहे, दात तेवढे जरा पिवळे वाटतात” एवढे बोलून जाते. बोलणारा विसरतो, पण मुलगी विसरत नाही. फोटोत ओठ मिटून बसणे, हसताना ओढणी तोंडाशी नेणे, हे तिच्या अंगवळणी पडते. अशा वेळी शंभर-दोनशे रुपयांची डबी जर सुटका करणार असेल, तर ती कोण घेणार नाही? म्हणून ती डबी खरोखर काय करते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

उत्तर आधीच सांगून टाकू या. कोळसा दातांच्या वरवरचे काही डाग घासून काढतो, त्यामुळे दात थोडे उजळ वाटतात. दाताचा मूळ रंग तो बदलत नाही. रोज जोर लावून घासल्यास मात्र तो दाताचे वरचे कवच झिजवू शकतो, आणि हे कवच एकदा गेले की पुन्हा येत नाही. एवढेच नव्हे, तर ते जितके पातळ होते, तितका दात अधिक पिवळा दिसू लागतो.

कोळसा आपल्याला नवा नाही

जाहिरातींमध्ये चारकोल एखाद्या नव्या शोधासारखा मिरवतो. आपल्या दादी-नानींना मात्र त्याची चांगली ओळख होती. गोवऱ्यांची राख, भाताच्या तुसाचा कोळसा, बदामाची टरफले जाळून केलेली पूड, त्यात मीठ, कधी लवंग, कधी तुरटी. ही राखुंडी महाराष्ट्राच्या गावोगावी वापरात होती. ब्रश नव्हता आणि पेस्ट परवडत नव्हती, तेव्हा बोटाने राखुंडी लावून दात साफ करणे हे काहीच न करण्यापेक्षा नक्कीच बरे होते.

“मग जुन्या माणसांचे दात म्हातारपणापर्यंत कसे टिकले?” हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे एक कारण म्हणजे त्या काळी साखर, बिस्किटे, चॉकलेट, थंड पेये रोजच्या खाण्यात नव्हती. दाताला कीड लागते ती मुख्यतः साखरेवर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. दुसरे म्हणजे बोटाचा दाब ब्रशपेक्षा सौम्य असतो. तिसरे कारण आपण सोयीस्करपणे विसरतो. ज्यांचे दात टिकले तेच आपल्या लक्षात राहिले. चाळिशीतच बोळकी झालेली माणसेही त्याच घरांत होती.

सुंदर दात कशाला म्हणायचे, हेही काळाप्रमाणे बदलत आले आहे. एकेकाळी दख्खनपासून लखनऊपर्यंत मुस्लिम घराण्यांतल्या स्त्रिया मिस्सी लावत. लोह आणि हिरड्यासारखी तुरट द्रव्ये असलेली ही पूड दात आणि हिरड्या काळसर करी, आणि तो शृंगार मानला जाई. महाराष्ट्रात इतर समाजांतही दातवण लावून दात काळे करण्याची चाल होती. आज तोच काळा रंग दात पांढरे करण्यासाठी विकला जातो. शृंगाराच्या कल्पना बदलत राहतात, पण दात तेच असतात आणि ते आयुष्यभर पुरवायचे असतात.

विषावरचा उतारा दातांवर का चालत नाही?

साधा कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड चारकोल यांत फरक आहे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा तत्सम वस्तू कमी हवेत जाळून, मग खूप जास्त उष्णतेवर वाफेने किंवा रसायनांनी प्रक्रिया केली की तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. या छिद्रांच्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या, तर एका ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग सुमारे 1000 चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे भरतो. एवढ्या पृष्ठभागावर अनेक पदार्थांचे कण चिकटून बसतात. म्हणूनच काही प्रकारच्या विषबाधेत रुग्णालयात डॉक्टर तो रुग्णाला पाजतात आणि पाणी शुद्ध करण्याच्या फिल्टरमध्येही तो असतो.

जाहिरात इथूनच उडी मारते. पोटातले विष जो खेचून घेतो, तो दातांवरचा पिवळेपणाही खेचून घेईल, असे आपल्याला वाटायला लावते. पोटात कोळसा द्रवात मिसळलेल्या विषाला भेटतो, आणि त्याला काम करायला वेळही मिळतो. तोंडात तो जेमतेम दोन मिनिटे असतो आणि तीही लाळेने भरलेली. चहाचा डाग काही लाळेत तरंगत नसतो, तो दाताला घट्ट धरून बसलेला असतो. आणि जो रंग दाताच्या आत आहे, त्याच्यापर्यंत कोळसा पोहोचतच नाही. मग जो फरक दिसतो तो कशामुळे? मुख्यतः घासण्यामुळे. बारीक पूड पॉलिश पेपरसारखे काम करते.

डोळ्यांचाही थोडा खेळ असतो. तोंड पूर्ण काळे करून मग चूळ भरली की काळ्यानंतर दिसणारे दात नेहमीपेक्षा पांढरे भासतात. जाहिरातीतल्या व्हिडिओंना या क्षणाचा चांगला उपयोग होतो.

तांब्याचे पातेले आणि कल्हई

आपल्या मोहल्ल्यांतून कल्हईवाले फिरत, ते अनेकांना आठवत असेल. तांब्याच्या देगचीला आतून कथलाचा पातळ थर देत. नवी कल्हई केलेले भांडे चांदीसारखे चमके. पण तेच भांडे रोज राख, वाळू आणि काथ्याने रगडले की काही महिन्यांत आतले तांबे डोकावू लागे. जितके घासावे तितकी कल्हई उडे, आणि जितकी कल्हई उडे तितके भांडे लाल दिसे.

दाताचे तसेच आहे. बाहेरचा पांढुरका, थोडासा पारदर्शक थर म्हणजे इनॅमल. मानवी शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. दाढेच्या टोकावर त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर असते आणि हिरडीकडे येता येता ती कमी होत जाऊन मानेशी अगदी नाममात्र उरते. या थराच्या आत असते डेंटिन, आणि त्याचा रंग निसर्गतःच पिवळसर असतो. निरोगी दातातही हा पिवळसरपणा इनॅमलमधून थोडा दिसतोच. दात कागदासारखे पांढरे नसतात, ते हलक्या सायीच्या रंगाचे असतात. वय वाढते तसे इनॅमल झिजते, डेंटिन जाड होते आणि दात आणखी पिवळे दिसतात.

आता कुणी पांढरे करण्याच्या नादात तेच इनॅमल रगडून काढू लागले तर काय होईल? पहिल्या आठवड्यात चहाचे डाग गेल्याने आनंद होईल. वर्ष-दोन वर्षांनी मानेजवळ पिवळी रेघ दिसू लागेल. थंड पाणी, आइसक्रीम, कैरी यांनी ठणक लागेल. दात पुन्हा पिवळे वाटले म्हणून आणखी कोळसा लावला जाईल, आणि झीज आणखी वाढेल.

कल्हई आणि इनॅमल यांत एक मोठा फरक आहे. कल्हईवाला परत येतो आणि नवा थर चढवून देतो. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा झालेल्या असतात. लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट बारीकसारीक कमजोर जागा भरून काढतात, पण झिजून गेलेला थर शरीर पुन्हा उगवू शकत नाही.

पेस्ट किती खरखरीत आहे हे मोजण्यासाठी दंतशास्त्रात एक मापन आहे. ठरावीक प्रमाणित पदार्थाच्या घर्षणाला 100 मानून त्याच्याशी पेस्टची तुलना करतात, आणि 250 ही वरची मर्यादा मानली जाते. चांगल्या कंपनीची चारकोल पेस्ट या मर्यादेत असू शकते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. काळी दिसणारी प्रत्येक पेस्ट वाळूसारखी नसते. पण सुटी पावडर, घरी कुटलेला कोळसा किंवा अनोळखी डबी यांच्या कणांचा आकार कुणी मोजलेला नसतो. धुंगाराच्या कोळशात राख आणि खडेही असतात. शेगडीसाठी विकत मिळणाऱ्या कांडी कोळशात तो बांधून ठेवणारे इतर पदार्थ मिसळलेले असतात. तो तोंडात घालण्यासाठी बनवलेलाच नसतो.

अभ्यास काय सांगतात?

2017 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मासिकात या विषयावरच्या आजवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. संशोधकांनी 118 लेख तपासायला घेतले. कोळसा किंवा काजळी दातांना लावण्याबद्दलचे 13 अभ्यास त्यांना मिळाले, पण विश्वासार्ह पुराव्यासाठी ठेवलेल्या कसोटीला त्यांतला एकही उतरला नाही. काहींमध्ये तर कीड वाढल्याच्या आणि इनॅमल झिजल्याच्या नोंदी होत्या. त्याच आढाव्यात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 50 चारकोल उत्पादनांच्या जाहिरातीही पाहिल्या गेल्या. जंतू मारतो, तोंडातले विष काढतो असे पुरावा नसलेले दावे त्यांत आढळले. 2019 मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमधील लेखानेही हीच सावधगिरी सांगितली.

याचा अर्थ असा नव्हे की एकदा कोळशाने दात घासले म्हणजे सर्वनाश झाला. याचा अर्थ असा की फायदा सिद्ध झालेला नाही आणि धोका मात्र खरा आहे. आपल्या देशात टूथपेस्ट कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडते. ती बनवायचा परवाना मिळाला म्हणजे डबीवरचे वचन सरकारने तपासून खरे ठरवले, असे समजू नये.

फ्लोराइड विसरू नका

चारकोल उत्पादनांबद्दलची सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे त्यांतल्या बहुतेकांत फ्लोराइड नसते. फ्लोराइड इनॅमलला आम्लाविरुद्ध बळ देते आणि कीड रोखते. घरातल्या मुलीने वर्षभर फ्लोराइडची पेस्ट सोडून काळी पावडर धरली, तर झीज झाली नाही तरी कीड लागण्याचा संभव वाढतो. भारतात पेस्टमधील फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे आणि ते प्रमाण नळीवर छापावे लागते. पेस्ट घेताना चकचकीत नावापेक्षा हा आकडा शोधा.

हिरड्यांचाही विचार करायला हवा. कोळशाचे बारीक कण हिरडीच्या कडेशी, दातांतल्या भेगांत, सिमेंट भरलेल्या दाताच्या सांध्यात अडकून राहतात. तिथे करडी रेघ दिसू लागते आणि चूळ भरून ती जात नाही. पुढच्या दातांना दातांच्याच रंगाचे फिलिंग किंवा कॅप असेल, तर पांढरे करायला घेतलेल्या पावडरीनेच ते काळवंडू शकते.

आधी डाग ओळखा

सगळे पिवळेपण एकाच जातीचे नसते. पावडर घेण्याआधी स्वतःला विचारा, हा रंग दाताच्या बाहेर आहे की आत?

बाहेरचे डाग चहा, पान, कात, तंबाखू, मशेरी, विडी-सिगारेट यांचे असतात. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळीत कटिंगवर कटिंग पिणाऱ्या कामगाराचे डाग बहुधा या जातीचे. मुलांना दिलेल्या लोहाच्या औषधाने आणि काही माउथवॉश दीर्घकाळ वापरल्यानेही असे डाग पडतात. दंतवैद्य दात स्वच्छ करून देतात तेव्हा ते निघून जातात.

दाताच्या मुळाशी चुन्यासारखा कडक थर दिसत असेल, तर ते कीटण. ते कोणत्याही पेस्टने, मंजनाने किंवा कोळशाने निघत नाही, क्लीनिंगच करावे लागते. “क्लीनिंग केलं की दात हलतात” हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. प्रत्यक्षात कीटणामुळे हिरडी आधीच सैल झालेली असते, आणि दातांमधल्या फटी कीटणाने भरून गेलेल्या असतात. ते काढल्यावर त्या फटी जाणवतात आणि काही दिवस दात शिवशिवतात. दात हलवतो तो कीटणामुळे होणारा हिरडीचा आजार. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांनी हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्यावे, कारण हे दोन आजार एकमेकांना बळ देतात.

आतले डाग वेगळेच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी असे पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी ठिपके येतात. हवे ते फ्लोराइड गरजेपेक्षा जास्त झाले की हे घडते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानतात, आणि दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. लहान वयात किंवा आई गरोदर असताना टेट्रासायक्लिन गटाची औषधे दिली गेली, तर दातांवर करडे-तपकिरी पट्टे येतात. मार लागून आतली नस मेलेला दात एकटाच काळपट पडतो. या कुठल्याही डागावर कोळसा वर्षभर घासला तरी काही होणार नाही. त्यांना उपचार आहेत, पण ते दंतवैद्याकडे.

मिसवाक आहे ना आपल्याकडे

दातांच्या स्वच्छतेबाबत आपल्या समाजाला फार मोठा वारसा लाभला आहे. उम्मतला जड जाईल अशी काळजी नसती, तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाकचा हुकूम दिला असता, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यात भर आहे ती तोंड स्वच्छ ठेवण्यावर. दात किती पांढरे दिसतात, हा तिथला विषयच नाही. सौंदर्यासाठी दात कानसून त्यांत फटी पाडण्याबद्दल तर हदीसमध्ये कडक नापसंती आली आहे. कोळशाने दात घासणे म्हणजे तेच, असा निवाडा देण्याचा आपला अधिकार नाही. पण शरीर ही अमानत आहे असे मानणाऱ्याने देखाव्यासाठी निरोगी दात झिजवण्याआधी थांबून विचार करावा, एवढे तरी म्हणता येईल.

पीलूच्या झाडाची मिसवाक तंतुमय असते, आणि तिच्या रसात जिवाणूंची वाढ रोखणारी द्रव्ये असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. नीट वापरली तर ती दातांवरचा चिकट थर चांगला काढते. पण तिचीही पद्धत आहे. टोक पाण्यात भिजवून मऊ करा, साल सोलून तंतू चावून मोकळे करा, आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवा. आडवी रगडू नका. कडक मिसवाक जोराने घासल्यास हिरडी मागे सरते. टोक दर एक-दोन दिवसांनी कापा. दिवसभर मिसवाक आणि रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट, ही जोडी उत्तम.

रोजाच्या दिवसांत हेच वेळापत्रक सोपे पडते. सहरी संपण्याआधी आणि रात्री झोपताना ब्रश, दिवसा मिसवाक. काळी पावडर तर रोजात जवळही आणू नका. ती घशात उतरण्याचा संभव असतो. इफ्तारला लिंबू सरबत किंवा आंबट फळे घेतली असतील, तर लगेच ब्रश करू नका. आम्लाने इनॅमल काही काळ मऊ पडते, आणि त्याच वेळी घासले तर झीज जास्त होते. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वुजू करताना आपण कुल्ली करतोच. चहानंतर तशीच एक कुल्ली केली, तरी डाग बसणे बरेच कमी होते.

यावरून एक सक्त सूचना. कोळशात लिंबू पिळून लावण्याचा घरगुती नुस्खा फिरत असतो. लिंबू इनॅमल मऊ करते आणि कोळसा ते खरवडतो. दातांचे यापेक्षा जास्त नुकसान करणारी जोडी घरात सापडणे कठीण.

दुसरी काळी पूड

काळ्या पावडरीचा विषय निघालाच आहे, तर मशेरीबद्दल बोलल्याशिवाय राहता येत नाही. कोकणात आणि घाटावर, आपल्याही कितीतरी घरांत, तंबाखू भाजून केलेली मशेरी बायका सकाळी दातांना लावतात. “मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते” असे त्या मनापासून सांगतात. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली, ती याच कारणासाठी. घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत मात्र कुठलाही कायदा पोहोचत नाही. मशेरीची तलफ लागते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदरपणात तर ती पोटातल्या बाळालाही बाधते.

काळ्या पुडीने रोज तोंड माखले की आतला बदल वेळेवर दिसतही नाही. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर, स्वच्छ चूळ भरून तोंड पाहा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. अम्मीला, खालाला, घरातल्या मावा-गुटखा खाणाऱ्या मुलांनाही हे सांगा. पिवळे दात घेऊन माणूस शंभर वर्षे जगू शकतो. वेळेवर न दाखवलेला चट्टा मात्र जिवावर बेततो.

लहान मुलांवर प्रयोग नको

सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे नवे दात आले की अनेक आया घाबरतात. शेजारचे दुधाचे दात पांढरेशुभ्र आणि नवा दात पिवळा! हे अगदी स्वाभाविक आहे. पक्क्या दातात डेंटिन जास्त असते, म्हणून तो दुधाच्या दातापेक्षा पिवळसरच दिसतो. सगळे दात बदलले की हा फरक डोळ्यांत भरत नाही. या वयात इनॅमल अजून पक्के होत असते. अशा दातांवर कोळसा, मीठ, सोडा यांपैकी काहीही घासू नका. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी आहे. ती थुंकायला शिकवा, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश करताना स्वतः जवळ उभ्या राहा.

मग लग्नाआधी काय करावे?

तारीख ठरली असेल तर दीड-दोन महिने आधी दंतवैद्याकडे जा. आधी तपासणी आणि क्लीनिंग. चहा-पानाचे डाग असतील तर बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते, आणि उरलेले पैसे दुसरीकडे वापरता येतात. कीड असेल तर ती भरून घ्या. त्यानंतरही रंगाबद्दल समाधान नसेल तर ब्लीचिंगबद्दल विचारा. त्यातले पेरॉक्साइड दाताच्या आत जाऊन रंगद्रव्याचे विघटन करते, म्हणजे कोळसा जे करू शकत नाही ते काम ते करते. पण हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. काही दिवस दात शिवशिवू शकतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि 18 वर्षांखालील मुलींनी ते करू नये. कॅप आणि फिलिंगचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, हेही आधी समजून घ्या.

खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईत नायर दंत रुग्णालयात खासगी दवाखान्यांच्या तुलनेत फारच कमी खर्चात उपचार होतात. अनेक जिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतो. दंत महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींची संख्या मोठी असते, त्यामुळे महिला डॉक्टर हवी असल्यास संकोच न करता विचारावे.

रोजच्यासाठी मऊ ब्रश घ्या. तो पेन धरतो तसा धरा, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. ब्रशचे केस तीन महिन्यांच्या आत बाहेर वाकत असतील, तर तुम्ही जास्त जोर लावत आहात. सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटे पुरेशी. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नका.

आणि काळी डबी घरात आलीच असेल, तर? वापर थांबवा, दात ठणकत असतील तर दाखवून घ्या, आणि घाबरू नका. थोड्या दिवसांच्या वापराने बहुधा फार बिघडलेले नसते.

सांगायचे आहे ते पाहुण्यांनाही. मुलीचे दात निसर्गाने दिलेल्या रंगाचे असतील, निरोगी असतील, हिरड्यांतून रक्त येत नसेल, तर तिच्यात काहीही उणे नाही. मुलगी पाहायला जाल तेव्हा दातांच्या रंगावर बोलण्याआधी एवढे ध्यानात ठेवा की ज्या दातांना आपण पिवळे म्हणतो, त्यांची कल्हई बहुधा शाबूत असते. तुमच्या एका वाक्याने ती उडवायची वेळ कुणावर येऊ नये.